पिकअपचा सेल्फ उघडला: एप्रिल ते जूनच्या कामाच्या नोंदी

४ एप्रिल

सेल्फचं, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरचं, दुखणं आता अंगावर काढण्यासारखं राहिलेलं नाही. गाडी म्हणजे आपला जुना बोलेरो पिकअप, २००९ चं मॉडेल, २५२३ सीसीचं डीआय डिझेल इंजिन, बारा व्होल्टची सिस्टिम. काम रोजचं ठरलेलं, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी उचलायच्या आणि ट्रान्सपोर्टला टाकायच्या, येताना कधी सुताची पोती. सकाळी गार इंजिनवर एका किल्लीत चालू होतो, पण दोन खेपा झाल्या, इंजिन तापलं आणि गाठी उतरवायला पंधरा-वीस मिनिटं बंद केला की मग सुरू, खर्रर्र... खर्रर्र... दमल्यासारखा फिरतो आणि कधी कधी नुसता एकच टक् आवाज, पुढं काही नाही.

काल जुन्या पुना नाक्याजवळ भर दुपारी धक्का मारायला लावला त्यानं. ऊन असं की बॉडीला हात लावता येत नव्हता. डिझेलचा पंप मेकॅनिकल आहे म्हणून धक्क्यावर निघते तरी, आताच्या नवीन गाड्यांत तीही सोय फारशी नाही. दादा म्हणतो नवीन सेल्फ टाकून मोकळा हो, सात-आठ हजाराचं काम आहे. मेकॅनिक म्हणतो कार्बन (सेल्फच्या फिरत्या भागाला करंट देणारे, घासून झिजणारे तुकडे) गेले असतील. पण कार्बन दोन वर्षांपूर्वीच बदललेत की, त्याच्या आधीही एकदा बदलले होते. दर वेळी कार्बन बदलायचे, काही महिने बरं चालायचं आणि मग परत तेच, हे काही मला पटेना. म्हणून यावेळी आधी मोजायचं, मग पाना लावायचा असं ठरवलं.

७ एप्रिल

मल्टिमीटर घेऊन बसलो. गाडी रात्रभर उभी होती, बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे चार्ज व्यवस्थित. बॅटरीवाल्याकडं लोड टेस्टही करून घेतली, बॅटरी चांगली निघाली, फक्त पाणी कमी होतं ते भरलं. (सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी महिन्याला बघायलाच पाहिजे, आपल्याकडं लोक बॅटरी बाद झाल्यावरच झाकण उघडतात.)

मग खरी टेस्ट. स्टॉप केबल ओढून धरली म्हणजे इंजिन चालू व्हायला नको, चुलत भावाला किल्ली मारायला बसवला आणि मीटर एकेका ठिकाणी लावत गेलो. किल्ली मारताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १०.५. वाईट नाही. प्लसच्या बाजूला बॅटरीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत ०.३ व्होल्ट पडतो, तेही चालतंय. पण मायनसच्या बाजूला, म्हणजे बॅटरीचं मायनस टर्मिनल आणि इंजिनचा ब्लॉक, ०.७! इथं ०.२ च्या आसपास पाहिजे. पाव-अर्धा व्होल्ट ऐकायला काहीच वाटत नाही पण सेल्फ तीनशे अँपिअर ओढतो तेव्हा तेवढ्यातच त्याचा जीव जातो.

गाडीखाली गेलो तर अर्थिंगची पट्टी (मायनसचा करंट नेणारी तारांची पट्टी) चेसिसला जिथं बोल्टनं बसवलीय तिथं गंज, त्यावर कधीतरी कुणीतरी मारलेला काळा रंग, त्यावर ऑइल आणि धूळ. पट्टीच्या तारा निम्म्या तुटलेल्या. नवीन पट्टी आणली, दोन्हीकडचा पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, बोल्ट आवळले आणि वरनं ग्रीस लावलं. परत मोजलं, ०.१५. एकदम ओके.

आता गंमत इथंच आहे. अर्थिंग नीट झाल्यावर सेल्फ सुटायला पाहिजे होता ना? थोडा सुधारला. पण बॅटरीचा व्होल्टेज किल्ली मारताना आधी १०.५ राहत होता तो आता ९.१ वर यायला लागला. भाऊ म्हणाला तू बिघडवलास. तसं नाही, आधी खराब अर्थिंगमुळं करंटच अडत होता म्हणून बॅटरीवर ताण दिसत नव्हता, आता रस्ता मोकळा झाला तर सेल्फ हवा तेवढा करंट ओढायला लागला, आणि तो हवा त्यापेक्षा लई जास्त ओढतोय. बॅटरी चांगली, वायर चांगली, तरी व्होल्टेज खाली बसतोय आणि सेल्फ हळूच फिरतोय, म्हणजे आत काहीतरी अडतंय किंवा शॉर्ट आहे. कार्बन संपले असते तर उलटं दिसलं असतं, करंट कमी आणि व्होल्टेज वर. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं निदान घरीच होतंय.

९ एप्रिल

सोलरची कामं करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडनं डीसी क्लॅम्प मीटर आणला. साध्या इलेक्ट्रिशियनकडचा क्लॅम्प फक्त एसी दाखवतो, तो इथं लावून उपयोग नाही, कितीही किल्ली मारा शून्यच दिसणार. गरम इंजिनवर ४६० अँपिअरच्या आसपास आकडा आला. गार असताना पावणेचारशे. चारच सिलिंडरच्या इंजिनला हे जास्तच आहे.

तापल्यावरच का त्रास होतो तेही थोडं समजून घेतलं. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे तीस डिग्रीची कॉइल शंभर डिग्रीला गेली की रेझिस्टन्स पाव पटीहून जास्त वाढला. सेल्फ इंजिनला चिकटलेला, गाडी उभी केली की हवा लागत नाही आणि इंजिनची सगळी धग त्याच्यात शिरते. धडधाकट सेल्फ हे सहन करतो, आधीच आत घासत असेल तर बसतो. आणि डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं, सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा रिंगांमधनं गळते, भिंतींना उष्णता देऊन गार होते, मग नुसता धूर निघतो पण इंजिन पेटत नाही. पेट्रोल गाडीपेक्षा कॉम्प्रेशन जवळपास दुप्पट, म्हणून सेल्फही तसा दणकट लागतो.

१३ एप्रिल, रविवार

सेल्फ उतरवला. पहिलं काम बॅटरीचं मायनस काढणं. सेल्फच्या मोठ्या बोल्टवर कायम थेट बॅटरी असते, किल्ली बंद असली तरी, पाना बोल्टला आणि दुसरं टोक बॉडीला लागलं तर वेल्डिंगच होतंय. वरच्या बोल्टपर्यंत हात जात नाही, जॉइंट लावून आणि लांब एक्स्टेन्शन लावून कसाबसा सुटला. शेवटचा बोल्ट सोडताना सेल्फला खालून हातानं आधार पाहिजे, चांगलाच जड असतो, तोंडावर पडला तर दात जातील.

सेल्फ निघाल्यावर त्या भोकातनं टॉर्च मारून फ्लायव्हीलची रिंग (जिच्या दातांना धरून सेल्फ इंजिन फिरवतो ती) बघितली. क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवत गेलो, भाऊ टॉर्च धरून. सगळीकडं दात बरे, फक्त दोन ठिकाणी, एकमेकांच्या बरोबर समोर, दातांच्या कडा खाल्लेल्या. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनला अडखळून नेहमी त्याच दोन जागांवर थांबतं, त्यामुळं पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) आयुष्यभर त्याच दातांवर आदळतं. अजून चालेल, पण ध्यानात ठेवायचं.

संध्याकाळी पत्र्याच्या शेडमधे पोतं अंथरून सेल्फ खोलला. खोलायच्या आधी दोन्ही झाकणं आणि मधली बॉडी यांच्यावर पंचनं खुणा करून घेतल्या, नाहीतर जोडताना कुठलं झाकण कुठं वळवायचं यात तास जातो. मागचं झाकण काढलं आणि काळी पूड भसकन खाली. कार्बनची पूड, ऑइल, आणि त्यात टॉवेलचा कापूस! एमआयडीसीत सगळीकडं उडतो तो बारीक तंतू, सेल्फच्या आत जाऊन ऑइलमधे बसलेला, काढला तर नमद्यासारखा तुकडा हातात आला.

कार्बन नवीनच्या निम्मे झालेले. पण खरी गोष्ट आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा भाग) बाहेर काढल्यावर दिसली. आर्मेचरच्या पत्र्यांच्या थप्पीवर एका बाजूनं बोटभर रुंदीचा पट्टा चकाकत होता, अगदी पॉलिश मारल्यासारखा, आणि बॉडीच्या आत एका पोल शूवर (चुंबकाच्या लोखंडावर) त्याच मापाचे आडवे ओरखडे. म्हणजे आर्मेचर फिरताना बॉडीला घासत होतं. मागच्या झाकणातल्या बुशमधे (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी) शाफ्ट घालून हलवला तर डुगडुग, भोक गोल राहिलंच नव्हतं, अंडाकृती झालेलं. सगळी बोंब इथं आहे. आर्मेचर आणि पोल यांच्यात फट मिलिमीटरच्या आतबाहेर असते, बुश तेवढं खाल्लं की वजनानं आणि चुंबकाच्या ओढीनं आर्मेचर एका बाजूला जाऊन टेकतं. लोड जितका जास्त तितकी ओढ जास्त, तितकं घासणं जास्त. मागं दोनदा कार्बन बदलले तेव्हा हे कुणी बघितलंच नाही, किंवा बघून सोडून दिलं. नवीन कार्बननं करंट नीट जातो म्हणून काही महिने सेल्फ घासत घासत का होईना फिरत राहतो.

१५ एप्रिल

आर्मेचर आणि बॉडी पोत्यात गुंडाळून रिवाइंडिंगवाल्या मामांकडं. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी अस्सल सोलापुरी, हातातलं काम न थांबवता बोलतात. आर्मेचर बघून पहिलं वाक्य, "किती वेळा उगं कार्बन बदललालाव मालक? बुश कोण बघायचं?"

त्यांनी आर्मेचर ग्रोलरवर ठेवलं, ग्रोलर म्हणजे व्ही आकाराचा इलेक्ट्रिकचा चुंबक, चालू केला की घूंss असा आवाज. वर हॅकसॉचं पातं आडवं धरून आर्मेचर हळूहळू फिरवायचं. कुठली कॉइल आतनं शॉर्ट असेल तर त्या जागी पातं थरथरायला लागतं. पूर्ण फेरा झाला, पातं गप्प. मग सिरीज बल्ब, एक टोक शाफ्टला, दुसरं कम्युटेटरच्या (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासतात) एकेका पट्टीला, बल्ब लागला नाही म्हणजे इन्सुलेशन शाबूत. फील्ड कॉइलही (बॉडीतली, चुंबक तयार करणारी) तशीच तपासली. "आर्मेचर फस्क्लास हाय की. घासलंय पण वायर तुटली नाही. नशीब समजा." नशीबच, कारण थोडं अजून घासलं असतं तर पत्र्यांच्या कडा कॉइलच्या इन्सुलेशनमधे घुसल्या असत्या आणि मग रिवाइंडिंगचा खर्च नवीन सेल्फच्या जवळ गेला असता.

कम्युटेटर लेथवर हलका हात मारून गोल करून घेतला. त्यानंतर पट्ट्यांच्या मधला अभ्रक खाली घ्यावा लागतो, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, नाहीतर तांबं झिजलं की अभ्रक वर येतो आणि कार्बन त्याच्यावर उडत राहतो, ठिणग्या पडतात. मामांनी हॅकसॉच्या पात्याच्या दोन्ही बाजू ग्राइंडरवर घासून पातळ केलेलं एक हत्यार ठेवलंय, त्यानं एकेक खाच काढली. शेवटी बारीक सँडपेपर. एमरी पेपर अजिबात नाही म्हणाले, त्याचे कण करंट नेतात आणि खाचेत बसले की पट्ट्या शॉर्ट.

चहा मीच पाजला. बोलता बोलता कळलं की त्यांच्याकडं आता सेल्फपेक्षा लूमच्या मोटारीच जास्त येतात, गाड्यांचे सेल्फ लोक दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाहीत, थेट नवीन. मला हे पटत नाही. नवीनच्या नावाखाली बाजारात जे स्वस्त मिळतं त्यात बुश कसलं टाकलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि आपलं जुनं तांबं तरी भरवशाचं आहे.

१६ एप्रिल

बुश आणले, दोन्हीकडचे, ड्राइव्हकडचा फारसा झिजला नव्हता तरी जोडीनं बदलायचे. दोन्ही मिळून दीडशे रुपयाच्या आत. आणल्या आणल्या वाटीत नवीन इंजिन ऑइल घेऊन त्यात टाकून ठेवले, रात्रभर. हे बुश पितळी रंगाचे दिसतात पण भरीव नसतात, कांस्याची पूड दाबून भाजून केलेले, अंगात बारीक छिद्रं, त्यात ऑइल मुरतं आणि शाफ्ट फिरून तापला की थोडं थोडं बाहेर येतं. सेल्फच्या बुशला आयुष्यभर दुसरं ऑइल मिळत नाही, जे मुरवाल तेवढंच.

मागच्या झाकणातला जुना बुश काढायचा कसा, कारण ते भोक आरपार नाही, मागं बंद. त्याला युक्ती आहे. भोकात ग्रीस ठासून भरायचं, बुशच्या भोकात बरोबर बसेल अशी लोखंडी कांडी घालायची आणि वरून हातोडीचा ठोका. ग्रीसला जायला जागा नाही, ते बुशच्या मागं शिरून त्याला वर ढकलतं. आपला बुश अंडाकृती झालेला असल्यामुळं कांडीच्या कडेनं ग्रीस फसाफस बाहेर यायचं, मग कांडीला इन्सुलेशन टेपचा वेढा दिला आणि ठोकत गेलो, बुश सावकाश वर आला. भावाचा शर्ट गेला. वहिनीचं बोलणं मला खावं लागलं.

१७ एप्रिल

नवीन बुश बसवले. हातोडीनं नाही, वाइसमधे, शाफ्टच्या मापाचा गुळगुळीत बोल्ट आत घालून हळूहळू दाबून. रीमर मारायचा नाही, आतला पृष्ठभाग खरवडला की ती छिद्रं बुजतात आणि ऑइल बाहेर येत नाही. शाफ्ट घालून बघितला, हातानं सहज फिरतो, डुगडुग अजिबात नाही.

सोलेनॉइडही (सेल्फवरचा, करंट जोडणारा मोठा स्विच) उघडला. मागचं झाकण दोन सोल्डर जॉइंटवर असतं, ते गरम करून ओढायचं. आतली तांब्याची चकती आणि दोन जाड बोल्टांची डोकी, दर किल्लीला तीन-चारशे अँपिअर इथंच जोडला-तोडला जातो, त्यामुळं एका बाजूला खड्डे पडलेले आणि काजळी. तो एकच टक् आवाज यायचा त्यात याचाही वाटा असणार, चकती जाऊन टेकते पण करंट जात नाही. चकती उलटी केली, बोल्ट अर्धा फेरा वळवून चांगली बाजू समोर आणली, कानस मारून दोन्ही डोकी एका पातळीत. परत सोल्डर. नवीन सोलेनॉइडचा खर्च वाचला.

कार्बन बदलले, या कामाला मात्र परत मामांकडं गेलो कारण फील्डच्या जाड पट्टीला सोल्डर करायला साधी सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही, पट्टीच सगळी उष्णता पिऊन टाकते. त्यांच्याकडं गॅसवर तापवायची मोठी तांब्याची इस्त्री आहे. एक गोष्ट त्यांनी दाखवली, कार्बनची वेणीसारखी वायर सोल्डर करताना कार्बनच्या बाजूला पक्कडीनं दाबून धरायची, नाहीतर पातळ झालेलं सोल्डर वायरमधे वर चढतं आणि वायर कडक होते, मग कार्बन होल्डरमधे अडकतो, स्प्रिंग त्याला खाली दाबू शकत नाही.

बेंडेक्सचा (पिनियन ज्यावर असतं तो पुढं सरकणारा भाग) वनवे क्लच तपासला, एका बाजूला मोकळा फिरतो, दुसऱ्या बाजूला घट्ट धरतो, ठीक. तो डिझेलमधे बुडवून धुवायचा नाही, आतलं ग्रीस धुऊन गेलं की थोड्याच दिवसात घसरायला लागतो. फक्त ओल्या फडक्यानं पुसला. शाफ्टच्या आट्यांवर ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच, जास्त लावलं तर आपला तो कापूस आणि धूळ बसलीच म्हणून समजा.

२० एप्रिल

जोडला. वाइसमधे घट्ट आवळून जंपर केबलनं टेस्ट. पिनियन खटकन बाहेर, आर्मेचर सुंईss करून फिरलं, आवाजात खरखर नाही. दोन-तीन सेकंदच, जास्त नाही. लोड नसताना ही सिरीज मोटर वेग घेतच राहते, सोडून दिली तर आर्मेचरची वाइंडिंग बाहेर फेकली जाऊ शकते.

गाडीला बसवायच्या आधी सेल्फचं तोंड आणि तो जिथं बसतो ती बेल हाउसिंगची जागा दोन्ही घासून स्वच्छ केल्या. सेल्फचं अर्थिंग त्याच्या अंगातनंच जातं. काही जण दुरुस्तीनंतर सेल्फला चकाचक चंदेरी रंग मारून देतात, तो रंग नेमका याच जागेवर असतो.

बसवून पहिली किल्ली, इंजिन चालू व्हायच्या आधी सेल्फचा आवाजच वेगळा. परत स्टॉप ओढून मोजलं. बॅटरी १०.४, करंट २७० च्या आसपास.

२४ एप्रिल

गरम टेस्ट राहिली होती. मोहोळपर्यंत भरलेली गाडी नेली, दुपारी दोनच्या सुमारास सावळेश्वर टोलच्या अलीकडं एका ढाब्यावर उन्हातच उभी केली, मुद्दाम. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताक होईपर्यंत इंजिन बंद. चुलत भाऊ धक्का मारायच्या तयारीनं मागंच उभा राहिला, त्याचा विश्वास नव्हता. किल्ली मारली आणि लगेच चालू झाली. करंट तीनशेच्या थोडा वर, तापल्यावर एवढा फरक राहणारच.

८ जून

पहिला पाऊस झाला. मधले सगळे दिवस गाडी रोजच्या खेपांवर, एकदाही धक्का नाही. आज अर्थिंगच्या पट्टीचे बोल्ट परत आवळले आणि व्होल्टेज ड्रॉप मोजला, ०.१५ च आहे. सोलेनॉइडच्या टर्मिनलवर रबरी टोपी नव्हती, जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बांधला, चिखल उडतो तिथं.

दादा आता त्याच्या टेम्पोचा सेल्फ आणून ठेवतो म्हणतोय, म्हटलं आधी मीटर लावू, मग बघू.

रिंगचे ते दोन ठिकाणचे खाल्लेले दात अजून तसेच आहेत. क्लच प्लेट दिवाळीच्या आसपास बदलावी लागेलच, तेव्हा गिअरबॉक्स खाली येतो, त्याच मजुरीत रिंग तापवून काढून घ्यायची. उलटी करून चालत असेल तर उलटी, नाहीतर नवीन. पिनियनच्या दाताला तिरपी कड एकाच बाजूनं असते, रिंगलाही तशीच आहे का ते काढल्यावर बघायचं.